निमित्त सुपारीच्या रोपांचं

नाना साधी गोष्टसुद्धा कुजबुजत सांगतात. "आज आमटीत मीठ जास्त झालंय," हे सांगण्याआधी ते दोन्हीकडे मान वळवून बघतात आणि वर बजावतात, "हे आपल्या दोघांत." त्यांची सगळी नोकरी बँकेच्या तपासणी खात्यात गेली. न कळवता शाखेत जाऊन उभं राहायचं, हे काम. निवृत्तीनंतर ते दिवेआगरला आपल्या वाडीत येऊन राहिले, पण तपासणी काही सुटली नाही.

मी श्रीवर्धनला एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात होते. पनवेलच्या एका वित्त कंपनीत जागा निघाली आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला. पण विचारणार कुणाला? आमच्याकडे सकाळी शिंकलं तर दुपारी साहेब तब्येत विचारतात. त्यांना कळलं असतं आणि तिकडेही जमलं नसतं, तर मी दोन्हीकडून गेले असते. शेवटी मावशीने तिच्या ओळखीतल्या नानांचं नाव सुचवलं.

पहिल्याच फोनवर नानांनी योजना आखली. "रविवारी ये. कुणी विचारलं तर सुपारीची रोपं न्यायला आलेय म्हणायचं. आणि जाताना रोप न्यायचंच. पुरावा हवा."

वादळात निम्मी वाडी आडवी झाल्यापासून नाना रोपं तयार करत होते, त्यामुळे पुराव्याला तोटा नव्हता. दर रविवारी मी मांडीवर रोप घेऊन एसटीने घरी. आई म्हणाली, "अगं, आपलं परसू केवढं! बागाईतदार होणारेस का?" कहर केला तो आमच्या साहेबांनी. "मॅडम, रोपं चांगली असतात म्हणे. आमच्यासाठी पण आणा की!" हे ऐकून नानांना आनंद मावेना. "बघ, आता तोच आपल्या कटात सामील!"

शिकवणी मागे वाडीत, उभ्या उभ्याच. मुलाखतीच्या सरावाला नाना मोठे साहेब आणि शेजारचा माड एचआर. "उत्तर देताना त्याच्याकडे पण बघायचं. नाहीतर तो नाराज होतो." एकदा मी माडाला माझे गुण सांगत असताना शेजारच्या यमुनाबाईंनी कुंपणावरून हाक घातली, "नाना, पोरीच्या नोकरीचं झालं का न्हाय अजून?"

नाना पांढरे पडले. बातमी बाहेर फुटली कशी, याची चौकशी पुढचा तासभर चालली.

पण माणूस आपल्या कामात पक्का होता. "पगार मला सांगू नकोस," ते म्हणाले. "कर्ज देऊ नका असं तू लिहिलंस, तर तिथे ऐकून घेतील का, ते विचार. नाहीतर तू तिथे टिकायची नाहीस." मुलाखतीत मी नेमकं हेच विचारलं, आणि माझी निवड झाली.

"घाई नको," नाना म्हणाले. "मुदत मागून घे. पुढच्या रविवारी बघू." मी मागितली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, "अजून थोडी माग." या वेळी कंपनीतल्या बाईंचा आवाज बदलला. सोमवारपर्यंत होकार आला नाही तर दुसऱ्याला बोलावू, म्हणाल्या. रविवारी मी रडकुंडीला येऊन हे नानांना सांगितलं.

ते रोपाच्या पिशवीतलं तण उपटत बसले होते. उठले, पण माझ्याकडे बघेनात.

"होकार दे. तो पहिल्याच वेळी द्यायला हवा होतास. जागा चांगली आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं."

"मग थांब का म्हणालात?"

"तुझं काम झालं असतं, तर तू परत कशाला आली असतीस?"

मला आधी संतापच आला. माझी नोकरी जाता जाता राहिली होती! पण मान खाली घालून उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्यावर मला ओरडता आलं नाही. मी निघाले आणि स्टँडवरूनच फोन करून होकार कळवला.

पुढच्या रविवारी मी पुन्हा दारात. नाना घाबरले. "आता काय अडलं?"

"काही नाही. चहा प्यायला आले."

सवयीने मी मागच्या वाडीकडे वळले.

"तिकडे कुठे?" नाना म्हणाले. आत जाऊन त्यांनी दोन खुर्च्या आणल्या आणि पुढच्या अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसतील अशा, अगदी रस्त्याकडे तोंड करून मांडल्या.