यजमान-जागर कक्ष

यंत्र कितीही महागाचं असो, त्याला जागं ठेवायला शेवटी माणूसच लागतो, हे आमच्या नोंदणी कार्यालयाने अनुभवाने सिद्ध केलं आहे.

कार्यालयात कॉम्प्युटर एकच. पण त्याच्या पोटात सात आभासी कॉम्प्युटर चालत: जन्म, मृत्यू, विवाह, पाणी, घरं, कुत्री आणि संकीर्ण. (कुत्र्यांचं काम सर्वांत सुरळीत.) सातही खाती आपापल्या पडद्यावरून काम करत, बाहेरच्या मूळ कॉम्प्युटरला, म्हणजे यजमानाला, कुणीच हात लावत नसे. आपल्याला काही कामच नाही, असा त्याचा प्रामाणिक समज होई आणि वीस मिनिटांत तो झोपी जाई. तो झोपला की पोटातले सातही जागच्या जागी बेशुद्ध. एकदा एक लग्न नवरीची सही झाल्यावर आणि नवऱ्याची होण्याआधी पाच तास लटकलं. तेवढ्यात नवऱ्याने फेरविचार केला.

यावर तातडीने उपाय झाला: यजमान-जागर कक्ष उघडला. टाइपरायटर गेल्यापासून रिकाम्या असलेल्या टायपिस्ट बाईंना यजमानापुढे बसवलं. दर पंधरा मिनिटांनी माउस हलवायचा आणि वहीत सही करायची. सम तारखेला डावीकडे, विषम तारखेला उजवीकडे. (वर-खाली हलवायला पूर्वपरवानगी.) चार वर्षांत बाईंनी बत्तीस हजार वेळा माउस हलवला, त्यांपैकी बत्तीस हजार वेळा तो हलला.

मग त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. बाईंनी एका दिवसाची रजा मागितली.

"बाई, तुमची आई एक," साहेब कळवळून म्हणाले, "इथं सात जीव तुमच्या हातावर आहेत."

बाई जागेवर येऊन मुकाट रडू लागल्या. रडताना माउस हलवत होत्याच. शेजारी प्रिंटर दुरुस्त करायला आलेल्या कारागिराला राहवलं नाही. त्याने कारण विचारलं, वाकून सेटिंग उघडलं आणि 'झोप: वीस मिनिटांनी' होतं तिथं 'झोप: कधीही नाही' केलं. चार सेकंद लागले.

"झालं. जा तुम्ही, मावशी."

"एवढंच होतं?" बाईंनी विचारलं. कारागिराने मान खाली घातली. बाई पर्स उचलून निघाल्या. आईची पट्टी निघेपर्यंत त्या तिचा हात धरून बसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी परतल्या तेव्हा टेबलावर खुलासा मागणारं पत्र होतं. यजमान सलग दोन दिवस विनापरवाना जागा राहिल्याने संपूर्ण कक्षाची गरज धोक्यात आली होती. तीन जणांच्या समितीने सेटिंग पूर्ववत वीस मिनिटांवर आणलं, बाईंना ताकीद दिली आणि यापुढे रजेची अडचण येऊ नये म्हणून आणखी दोन बायका नेमल्या.

"साहेब, ते तसंच राहू दिलं असतं तर?" बाईंनी धीर करून विचारलं.

"तर आपण काय केलं असतं?" साहेब म्हणाले.

पंधरा मिनिटं भरत आली होती. बाईंनी माउस हलवला.

वाचक हसले असतील, ते योग्यच आहे. मात्र हसता हसता हातातल्या फोनचा पडदा मंद झाला, म्हणून आपण आत्ता अंगठा टेकवलात. बाईंना निदान तसा लेखी आदेश होता.