न आलेल्या उदासीची पोहोच

भरवसा कोणावर ठेवावा, तुम्हीच सांगा: ‘उदासी माझ्याकडे चार दिवस राहून गेली’ असं म्हणतो त्याच्यावर, की ‘अजून गेली नाही’ असं म्हणतो त्याच्यावर? तुम्ही तळवणीत नवे भाडेकरू, म्हणून आधीच विचारून ठेवलं. आमच्या गावात उदासी एकच आहे आणि ती बारीने घरोघर जाते. प्रत्येक घरी चार दिवस. पाटाचं पाणी शेतोशेत फिरतं तसंच. फरक एवढाच की पाण्यासाठी भांडणं होतात.

दिसायला ती काही विशेष नाही. भिजलेल्या बारदानाचा गठ्ठा कोपऱ्यात ठेवावा तशी बसते. खाणं नाही, वास नाही, जागा मात्र अडवते. चौथ्या दिवशी घरच्या कर्त्याने उंबऱ्यावर उभं राहून पुढच्या घराचं नाव घ्यायचं, पुढच्याने दार उघडून ‘ये’ म्हणायचं, की ती उठून जाते. मग पुढचा माणूस तिच्याबरोबर घरोघर फिरणाऱ्या कागदावर, म्हणजे चलनावर, पोहोच म्हणून सही करतो. मागे एका मास्तरांनी ती सोबत घेऊनच तालुक्याची बस पकडली होती. कंडक्टरने जाताना तिचं अर्धं तिकीट फाडलं आणि येताना सामान म्हणून लावलं. दोन्ही तिकिटं त्या वर्षीच्या चलनाला टाचलेली आहेत.

नियम दोनच. चार दिवस घरातली माणसं मोजून सगळ्यांनी आळीपाळीने तिच्याजवळ बसायचं. आणि पंधरा दिवसांच्या वर राहिली तर आरोग्य उपकेंद्रात कळवायचं. तिथल्या वळवीताई वहीत नोंद करतात आणि ग्रामीण रुग्णालयात मंगळवारी बसणाऱ्या मनाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी देतात. हा दुसरा नियम अकरा वर्षांत कोणी वापरला नव्हता. तळवणीत ती चार दिवसांच्या वर कोणाकडे राहिल्याची नोंदच नव्हती. तालुक्याने एकदा त्याबद्दल गावाला प्रमाणपत्रही दिलं.

ते प्रमाणपत्र बारी समितीचे अध्यक्ष भिकनशेठ कोठावदे यांच्या दुकानात टांगलेलं असे. दुकान बारदान, सुतळी आणि ताडपत्र्यांचं. घर दुकानाच्या मागे, बारीच्या यादीत नंबर एक. शेठ चौथीपर्यंत शिकलेले, पण तोंडी हिशेबात मास्तरांना गार करायचे. त्यांच्या मंडळी द्वारकाबाई मागच्या खोलीत बसून नुसत्या आवाजावरून गिऱ्हाईक ओळखायच्या आणि आतूनच विचारायच्या, “मागच्या वेळची सुतळी एवढ्यात संपली? काय गाव बांधून ठेवलं का?” निम्मी गिऱ्हाइकं त्या एका वाक्यासाठी यायची, हे शेठना ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात उदासी त्यांच्याकडे आली. चार दिवस झाले. चौथ्या दिवशी सकाळी नंबर दोनचे सुपडू अण्णा पाटील दुकानात येऊन ताडपत्रीचे भाव विचारू लागले. ताडपत्री घ्यायची नाही हे शेठनी ओळखलं आणि चहा मागवला.

“शेठ, परवा लेकीचा साखरपुडा,” अण्णा चहा संपता संपता म्हणाले. “नंदुरबारकडचे पाहुणे. ओसरीत ही बसलेली कशी दिसेल?”

“बसू द्या की. त्यांच्याकडेही असेलच एखादी.”

“त्यांच्या गावात नाही म्हणतात.”

“मग लेक देऊ नका तिथे. खोटं बोलणारी माणसं.”

“चेष्टा पुरे. दोन दिवस ठेवा तुमच्याकडे. पाहुणे गेले की मी स्वतः ‘ये’ म्हणतो.”

शेठनी होकार दिला. मात्र तारीख उलटून चालणार नव्हती. अध्यक्षांच्याच घरी पाचवा दिवस लागला तर समितीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून त्यांनी धंद्यात रोज करत तेच केलं. माल नंतर, सही आधी. चलन पुढे सरकवलं, अण्णांनी पोहोच दिली, आणि कागदावर उदासी नंबर दोनच्या घरी गेली.

पाहुणे जेवून गेले. शेठ उंबऱ्यावर उभे राहिले आणि त्यांनी मोठ्याने नाव घेतलं. उदासी उठली, रस्ता ओलांडून अण्णांच्या दारात गेली. अण्णा ‘ये’ म्हणाले. ती आत गेली नाही. जिथे एकदा पोहोच झाली तिथे ती त्याच फेरीत दुसऱ्यांदा जात नाही, हे त्या दिवशी कळलं. तिला वाचता येतं का, हे कोणी तपासलेलं नाही. थोडा वेळ थांबून ती परत आली आणि द्वारकाबाईंच्या शेजारी बसली.

“आता?” अण्णांनी विचारलं.

“आता तुमचे उरलेले दोन दिवस उदास दिसा,” शेठ म्हणाले. “मग पुढे चलन पाठवा. पुढचं पुढे बघू.”

अण्णा दोन दिवस दाढी न करता ओसरीत बसले. कागदावरचे चार दिवस भरताच त्यांनी चलन नंबर तीनकडे दिलं. नंबर तीनने दार उघडून ‘ये’ म्हटलं, कोणी आलं नाही. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि सही केली. उदासी आली नाही म्हणून तक्रार कोण करतो? आपल्या एकट्याचंच नशीब उघडलं असं समजून तो गप्प राहिला, आणि कोणाला संशय नको म्हणून चार दिवस त्याने रेडिओ लावला नाही. नंबर चारनेही तेच केलं. असं चलन घरामागून घर पुढे जात राहिलं, आणि गावात रोज कोणीतरी विस्कटलेल्या केसांनी ओसरीत बसलेलं दिसायचं.

इकडे शेठ दुकानात. “तू घरीच असतेस, तू बसत जा तिच्याजवळ,” ते द्वारकाबाईंना म्हणाले होते. द्वारकाबाई बसल्या. पहिल्या महिन्यात वरणात मीठ राहून जाऊ लागलं. दुसऱ्या महिन्यात आतून गिऱ्हाइकांना विचारणं बंद झालं. शेठनी उदासीला गोदामात नेऊन बाहेरून कडी लावली. सकाळी ती पुन्हा द्वारकाबाईंच्या शेजारी होती आणि कडी तशीच होती. तिसऱ्या महिन्यात द्वारकाबाईंनी वेणी घालणं सोडलं. गिऱ्हाइकं विचारायची, “काकी गावाला गेल्या का?” शेठ म्हणायचे, “हो.” त्या दहा पावलांवर आत बसलेल्या असायच्या आणि ऐकत असायच्या.

चौथ्या महिन्यात शेठ त्यांना मंगळवारी ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, नीट विचारत होते. “घरी उदासी किती दिवस आहे?”

शेठनी पिशवीतून चलनाची जपून ठेवलेली नक्कल काढली. “मार्गशीर्षात येऊन गेली. चार दिवस. ही पुढच्याची पोहोच.”

डॉक्टरांनी नक्कल बघितली, द्वारकाबाईंकडे बघितलं, पुन्हा नक्कल बघितली. “काकू, तुम्ही काय म्हणता?”

“पित्त होतं तिला,” शेठ म्हणाले.

डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या लिहिल्या. येताना बसमध्ये द्वारकाबाई खिडकीशी बसल्या आणि उदासी त्या दोघांच्या मध्ये बसली.

वैशाखात एका सकाळी शेठ दुकान उघडायला निघाले, तेव्हा द्वारकाबाईंनी कमरेच्या कनवटीतून कपाटाच्या किल्ल्या काढून त्यांच्या हातात ठेवल्या. रागावल्या नव्हत्या. बाजाराची यादी सांगावी तशा म्हणाल्या, “पुढच्या बारीला माणसं मोजाल, तेव्हा मला धरू नका.”

शेठ किल्ल्या घेऊन दुकानात येऊन बसले. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना त्यांनी सुतळीऐवजी काथ्या दिला.

त्याच दुपारी चलन गावभर फिरून परत आलं. नंबर एक्केचाळीसचे तोताराम मिस्तरी ते घेऊन दुकानात शिरले. पाठोपाठ वळवीताई आल्या. फेरी पूर्ण झाली की वहीला चलन ताडून बघायचं त्यांचं काम असतं. चलनावर चाळीस पोहोचा, सगळ्या तारखेच्या तारखेला. असा स्वच्छ कागद तालुक्यात दुसरा नसेल. शेठची एक सही झाली असती की फेरी मिटली असती.

“करा सही, शेठ,” तोताराम म्हणाले. “मी मोकळा होतो. भिंतीला गिलावा अर्धा राहिलाय.”

शेठनी पेन उघडलं. किल्ल्या अजून डाव्या हातात होत्या. त्यांनी पेन बंद केलं.

“पोहोच देणार नाही. माल आला नाही.”

“आला नाही म्हणजे? चार दिवस बसलो आम्ही तिच्याजवळ! माझी बायको रडली, शेजारी साक्ष देतील!”

“बायको कशाने रडली ते घरी जाऊन तिला विचार, तोताराम. उदासी तुझ्याकडे आलेली नाही. ती माझ्याकडे आहे. मार्गशीर्षापासून.”

तोताराम भिंतीला टेकले. म्हणाले, “मला वाटलं, फक्त माझ्याकडेच आली नाही.”

वळवीताईंनी वही मिटली नाही आणि आवाजही चढवला नाही. त्या शेठना ओलांडून मागच्या खोलीत गेल्या, द्वारकाबाईंसमोर जमिनीवर बसल्या. उदासी शेजारी होतीच. एव्हाना ती तीन पोत्यांएवढी झाली होती.

“किती दिवस झाले, मावशी?”

इतक्या दिवसांत हे त्यांना सरळ, उत्तरासाठी थांबून, कोणी विचारलं नव्हतं.

“एकशे चौसष्ट,” द्वारकाबाई म्हणाल्या. “आजचा धरून.”

वळवीताईंनी आकडा लिहिला. मग त्यांनी हळू आवाजात आणखी एक प्रश्न विचारला, जीव नकोसा होतो का असा. द्वारकाबाईंनी होकारार्थी मान हलवली. तेही लिहिलं गेलं. दारात उभ्या असलेल्या शेठनीही ते ऐकलं. त्या दिवशी मंगळवार नव्हता, तरी वळवीताईंनी डॉक्टरांना फोन लावला, तालुक्याची गाडी मागवली, आणि उदासी सुटेपर्यंत द्वारकाबाईंना एकटं ठेवायचं नाही असं शेठना दोनदा सांगून दोनदा वदवून घेतलं. या खेपेला रुग्णालयात शेठ बाहेरच्या बाकावर बसले. आत द्वारकाबाई बोलल्या. पाऊण तास लागला. पित्ताच्या गोळ्या बंद झाल्या, दुसऱ्या सुरू झाल्या.

समितीची सभा समाजमंदिरात भरली. चाळीस घरांचे कर्ते हजर. वळवीताईंनी एकेक नंबर पुकारून विचारलं, “आली होती?” सुपडू अण्णांनी ‘नाही’ म्हणायला पाच मिनिटं घेतली. नंतर सोपं गेलं. नंबर सतरा चिडले: तिच्या नावाखाली त्यांनी मेव्हण्याच्या लग्नाचं जेवण बुडवलं होतं. नंबर तेवीस शेवटपर्यंत म्हणत राहिले की आली होती, आणि खरंच काहीतरी आलं होतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं; ताईंनी त्यांना मंगळवारची वेगळी चिठ्ठी दिली.

“चाळीस घरांचे एकशे साठ दिवस थकले,” वळवीताई म्हणाल्या. “मावशींनी ते एकटीने भरले. आता थकबाकी कशी द्यायची, सांगा.”

“ती आमच्याकडे येत नाही, त्याला आम्ही काय करणार?” अण्णा म्हणाले.

“ती येत नसेल तर तुम्ही जा.”

ठराव झाला. ज्याने त्याने आपले चार दिवस नंबर एकच्या घरी जाऊन भरायचे, बायकामुलांसह, वेळ वाटून. पहिला मान अण्णांचा. पहिले तीन दिवस ते आणि त्यांच्या मंडळी हिराबाई उदासीच्या दोन बाजूंना बसले आणि कोणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी द्वारकाबाई म्हणाल्या, “हिराबाई, तुमच्या लेकीच्या साखरपुड्याचं आम्हाला बोलावणं नव्हतं.”

हिराबाई घाईने म्हणाल्या, “अहो, तुमच्याकडे ही बसलेली होती ना!”

“आमच्याकडे का बसली होती?”

शेठ धावत दुकानात गेले आणि नोंदवहीत लिहून आले: ‘बोलल्या. टोमणा मारला. वेळ सहा वाजून दहा.’

मग नंबर तीन बसले, मग चार; ज्याची बारी त्याच्याकडेच ती नोंदवही. कोणी शेंगा सोलत बसे, कोणी नुसतंच. तोताराम मिस्तरींनी आपल्या चार दिवसांत खोलीचा गिलावा करून दिला. उदासी हळूहळू एका गठ्ठ्यावर आली. द्वारकाबाईंची वेणी कधी सुरू झाली याची नोंद नाही. त्या दिवशी वही नंबर अठ्ठावीसकडे होती आणि त्यांना लिहिता येत नाही. किल्ल्या द्वारकाबाईंनी दिवाळीच्या आधी परत मागितल्या.

दिवाळीनंतर थकबाकी पूर्ण झाली. शेठनी नवं चलन काढलं, उंबऱ्यावर उभं राहून सुपडू अण्णांचं नाव घेतलं, आणि उदासी रस्ता ओलांडून गेली. ती आत जाऊन बसलेली डोळ्यांनी बघितल्यावरच त्यांनी पेन अण्णांच्या हातात दिलं. द्वारकाबाईंच्या गोळ्या अजून चालू आहेत, डॉक्टर होळीपर्यंत घ्या म्हणालेत. तालुक्याचं प्रमाणपत्र परत पाठवलं. त्यांनी ते कोणत्या कारणाने परत आलं याचा खुलासा मागवलाय.

तर, ती सध्या अण्णांकडे आहे. तुमची खोली त्यांच्या शेजारची, म्हणून समितीने यादीत तुम्हाला नंबर दोन-अ दिलाय. गुरुवारी सकाळी दार उघडं ठेवा आणि ‘ये’ म्हणा. बसायला कोपरा मोकळा असला म्हणजे झालं. चलन हे घ्या. आली तर आली लिहा, नाही आली तर नाही लिहा. राहिलीच, तर कितवा दिवस तेही लिहा, आणि घरात कोणाशेजारी बसते त्याचं नाव. वळवीताई रोज दहा ते पाच असतात. एवढंच मागणं आहे, हिशेब खरा ठेवा.