नीट चालण्याची पात्रता

फ्रिज गॅलरीत उभा आहे, भिंतीकडे तोंड करून.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर पडते.

नावेत दोन जागा आहेत. पुढची भरली आहे.

आत्या जिन्यात बसून पायमोजा विणते आहे. टाच झाली, चवडा बाकी.

‘नीट’ या शब्दाची व्याख्या उपलब्ध नाही.

वरील पाचही बाबींचा एकमेकींशी संबंध आहे. तो खालीलप्रमाणे.

एका घरात एक संगणक होता. वय सहा वर्षे, प्रकृती ठीक, पूर्वीची तक्रार नाही. घरचे गृहस्थ वजनमापे निरीक्षक म्हणून चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले होते. शिक्क्याशिवाय तराजू वापरणे हा गुन्हा आहे, हे त्यांनी घरात इतक्यांदा सांगितले होते की घरातल्या माणसांनाही अधूनमधून आपण बिनशिक्क्याचे आहोत असे वाटे.

त्यांची एकुलती एक लेक मालवाहू जहाजावर इंजिनिअर म्हणून रुजू होणार होती. जहाज सुटायला सात रविवार होते. त्यानंतर नऊ महिने समुद्र, आणि घरच्यांसाठी आठवड्याला चार ओळींचा एक निरोप. म्हणून तिने बाबांना एक नवा गेम भेट दिला आणि बंदराच्या गावाहून, दुरूनच, घरच्या संगणकावर बसवूनही दिला. दोघांनी मिळून एक नाव वल्हवायची. एकाकडे डावे वल्हे, दुसऱ्याकडे उजवे. बोलल्याशिवाय नाव सरळ जात नाही.

“बाबा, फोनवर तुम्ही दोन वाक्यांत आईकडे फोन देता,” लेक म्हणाली. “नावेत बसलो की पळता येणार नाही. दर रविवारी पाच वाजता. मी आत जाऊन थांबते, तुम्ही फक्त ‘सुरू करा’ दाबायचं.”

“दाबतो की,” निरीक्षक म्हणाले. आवाज जरा ओला झाला होता, तो त्यांनी खाकरून कोरडा केला.

मग त्यांनी चष्मा लावला आणि गेमसोबतची माहिती वाचली. इथेच सगळे बिनसले.

माहितीत दोन याद्या होत्या. पहिली, संगणकाच्या किमान गरजांची. दुसरी, शिफारस केलेल्या गरजांची. घरचा संगणक पहिलीच्या वर आणि दुसरीच्या खाली लटकत होता.

“पास आहे, पहिला वर्ग नाही,” बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते.

“चालेल. पण नीट चालेल का?”

“अहो, सुरू करून बघा ना!”

“तपासणीआधी वापर?” निरीक्षकांनी तिच्याकडे असे पाहिले की तिने हातातली वही मागे लपवली. “चौतीस वर्षं मी एका भाजीवाल्याला करू दिला नाही. आता स्वतः करू?”

त्यांनी गेमवाल्या कंपनीला पत्र लिहून ‘नीट’ची व्याख्या मागवली. चार मिनिटांत उत्तर आले: आपल्या उत्साहाबद्दल आभार, नीट हा ज्याचा त्याचा अनुभव आहे. ज्याचा त्याचा अनुभव! उद्या किलोही ज्याचा त्याचा होईल.

पाच वाजता लेकीचा फोन आला. “बाबा, मी नावेत बसलेय.”

“बस हं. पुढच्या रविवारी येतोच.”

दुसरा रविवार. निरीक्षकांनी एक तपासणी प्रोग्रॅम मिळवला. त्याने संगणकाला शंभरपैकी बासष्ट गुण दिले आणि मागे चालू असलेली अनावश्यक कामे बंद करण्याचा सल्ला दिला. निरीक्षकांनी दिनदर्शिका बंद केली, घड्याळ बंद केले. चौसष्ट. दुरुस्तीवाल्याला बोलावून मेमरी वाढवली. एकाहत्तर.

“साहेब, हा गेम माझ्या पुतणीच्या जुन्या डब्यावरसुद्धा पळतो,” दुरुस्तीवाला स्क्रू आवळत म्हणाला.

“पळतो म्हणजे किती? लेखी द्याल?”

“लेखी कसं देणार? पण पळतो.”

“मग पळत नाही.”

तिसरा रविवार. संगणक तापतो, असा शेरा आला. भिंतीच्या पलीकडे फ्रिज होता. फ्रिज गॅलरीत गेला. वायर आखूड पडली म्हणून त्याचे दार भिंतीकडे आले आणि त्यातली भाजी काढण्यासाठी दरवेळी अख्खा फ्रिज वळवावा लागू लागला. बायकोने दोन दिवस वळवला. मग ती शाळेच्या उपाहारगृहात जेवू लागली. चौऱ्याहत्तर.

“बाबा, एकाच वल्ह्याने नाव गोल फिरते,” लेकीने फोनवर सांगितले. “आज बावीस फेऱ्या झाल्या. एका बदकाशी ओळख झाली.”

“बदक अडखळत चालतं का? मधेच थांबून, उड्या मारत?”

“नाही हो. मस्त पोहतं.”

“ते तिकडे,” निरीक्षक खिन्नपणे म्हणाले. “इकडची खात्री देता येत नाही.”

चौथा रविवार. बसलेल्या माणसाच्या उष्णतेचा आकडा निरीक्षकांना याच आठवड्यात सापडला. त्यांची थोरली बहीण, म्हणजे लेकीची आत्या, गेली अकरा वर्षे त्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून विणत असे. तिला बाहेर जाण्याची विनंती करण्यात आली.

“मी शंभर वॅट?” आत्या सुया गोळा करत म्हणाली. “बघ बाई, जन्मात पहिल्यांदा मला कुणी दिवा म्हटलं.”

“वन्सं, तुमच्या भावाने लावलेत तेवढे दिवे पुरे आहेत,” बायको म्हणाली आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन स्वतःही जिन्यात गेली. उभे राहून बोलणाऱ्या माणसाची उष्णता बसलेल्यापेक्षा जास्त असते, हे तिला ऐकून घ्यायचे नव्हते. एक्क्याऐंशी.

पाचवा रविवार. आता खोलीत उष्णतेचा एकच स्रोत उरला होता. निरीक्षकांनी निःपक्षपातीपणे स्वतःलाही बाहेर काढले. तपासणी आपोआप सुरू होईल अशी वेळ लावून ते गॅलरीत गेले आणि खिडकीतून निकाल वाचला. अठ्ठ्याऐंशी. मात्र तपासणी प्रोग्रॅमचाच संगणकावर भार पडत असेल तर? ते पाहण्यासाठी दुसरा प्रोग्रॅम आणला. दुसऱ्याने पहिल्याला काढून टाकायला सांगितले. पहिल्याने दुसऱ्याला संशयास्पद ठरवले. निरीक्षकांना एकदम खात्यात परत आल्यासारखे वाटले. त्यांनी दोघांनाही ठेवून घेतले आणि दोघांवर नजर ठेवायला तिसरा नेमला.

पाच वाजता ते गॅलरीत होते. फोन आत वाजत होता. आत जावे तर शंभर वॅट.

सहावा रविवार. तिन्ही प्रोग्रॅमचे पहिल्यांदाच एकमत झाले. या संगणकावरचा सर्वांत मोठा भार म्हणजे गेम. काढून टाकण्याची शिफारस.

निरीक्षक बराच वेळ विचार करत राहिले. गेमसाठी तपासणी आणि तपासणीसाठी गेम काढायचा, यात काही खटकतेय असे त्यांनाही क्षणभर वाटले. पण चौतीस वर्षांत त्यांनी हजारो तराजू तपासले होते. तराजू तपासताना पारड्यात माल ठेवत नाहीत. पारडे रिकामे करायचे, काटा मध्यावर आला की शिक्का मारायचा. यात कुणा दुकानदाराने कधी वाद घातला नव्हता.

त्यांनी पारडे रिकामे केले.

शंभर.

निरीक्षकांनी छापील प्रमाणपत्र काढले: ‘सदर संगणक सदर गेम नीट चालवण्यास पूर्णतः पात्र आहे.’ कपाटातून जुना शिक्का काढला. शाई वाळली होती, थुंकी लावून चालवली.

सातवा रविवार. जहाज दुसऱ्या दिवशी पहाटे सुटणार होते. फोन पाच वाजता आला. आज निरीक्षक फोन घेऊन जिन्यात, बायको आणि बहीण यांच्या मधोमध बसले होते.

“बाबा, आज येताय ना?”

“उत्तीर्ण!” निरीक्षक ओरडले. “शंभरपैकी शंभर! शिक्क्यासकट!”

“खरंच? या मग आत. मी बसलेच आहे.”

“आत म्हणजे... गेम काढावा लागला गं. आता परत उतरवायचा. नऊ तास दाखवतंय.”

“माझ्याकडे पन्नास मिनिटं आहेत, बाबा.”

जिन्यात आत्याच्या सुया थांबल्या.

“प्रमाणपत्राचा फोटो पाठवू?” निरीक्षकांनी हळूच विचारले.

“पाठवा,” लेक म्हणाली. “केबिनमध्ये लावते.”

तिच्या मागून पाण्याचा आवाज येत होता. फोन ठेवला गेला नाही. पन्नास मिनिटे तो आवाज सगळ्यांनी ऐकला, आणि कुणालाच पहिले वाक्य नीट सुचले नाही.

पुढच्याच आठवड्यात इमारतीतले रहिवासी जिन्यात रांग लावू लागले. कुणी टीव्ही तपासून मागत होते, कुणी नवी गादी, कुणी होणारा जावई. निरीक्षक सर्वांना एकच सांगत: आधी पारडे रिकामे करा.

आपण हसत असाल. हरकत नाही. आपल्या घरातला चांगला कपबशांचा संच सध्या कुठे आहे आणि त्यातून शेवटचा चहा कोण प्याले, एवढे मात्र स्वतःशी सांगून ठेवा. रांग लांब आहे.

पहिल्या रविवारी सकाळी, निरीक्षक चष्मा शोधत असताना, आत्याने पडद्यावर नाव दिसली म्हणून कळफलकावरचे बाण दाबून पाहिले होते; अकरा मिनिटे नाव गोल फिरली, कुठेही अडखळली नाही.