मेलेल्याने हलायचं नसतं

यंदाच्या उन्हाळ्यात कादिस शहरात आपल्याइतकं झकास कुणीच मरणार नाही, असं अनिसेतो ज्याला त्याला सांगत सुटला होता. तो काम करायचा त्या बारमध्ये गिऱ्हाइकाला कॉफी देताना सांगायचा आणि बिल देताना पुन्हा सांगायचा.

समुद्राजवळच्या जुन्या कोळी वस्तीत, चर्चच्या मागच्या चौकात, दर जुलैमध्ये लागोपाठ तीन संध्याकाळी नाच आणि नाटक असायचं. तिकीट नाही, मांडव नाही, चौकात फळ्या टाकून पडदा लावला की झाला रंगमंच. ज्याने त्याने घरून खुर्ची आणायची आणि जागा धरण्यावरून भांडायचं. नाच इन्माच्या क्लासमधल्या मुलींचा, नाटक उर्सुलाबाईंचं. उर्सुलाबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. तालमीत कुणी चुकलं की अजून कोपऱ्यात उभं करायच्या.

अनिसेतो त्यांच्याकडे कैक वर्षं कामं करत होता. ताट घेऊन येणारा नोकर, पत्र आणणारा शिपाई, मागे उभा राहणारा दुसरा पाहुणा. वाक्य एखादंच, आणि ते नेमकं ऐनवेळी पसार व्हायचं. यंदा मात्र बाईंनी त्याला मुख्य भूमिका दिली. नाटकात एक श्रीमंत काका मेलेला असतो आणि नातेवाईक त्याच्या शवपेटीभोवती बसून इस्टेटीवरून एकमेकांच्या झिंज्या उपटतात. तो काका म्हणजे अनिसेतो. पडदा उघडल्यापासून शेवटपर्यंत प्रेक्षकांसमोर, आणि वाक्य एकही नाही.

अडचण एवढीच होती की अनिसेतोला स्वस्थ पडून राहणं ठाऊकच नव्हतं. जन्मभर टेबलांमधून ताटं नाचवलेला माणूस! जेवायला बसला तरी टेबलाखाली त्याचे पाय चालूच. झोपेत कूस बदलता बदलता तो पलंगाच्या पायथ्याशी पोचायचा. त्याची बायको लोरेतो म्हणाली, "तू खरा मेलास ना, तरी खांदेकऱ्यांना आतून सांगशील, जरा भरभर चला म्हणून."

हे त्याला लागलं. त्याने ठरवलं की सराव करायचा.

त्यातच त्या आठवड्यात लेवान्ते सुटला होता. हा पूर्वेचा वारा कादिसवर आला की दिवसेंदिवस मुक्काम ठोकतो. दारं आपटतात, दातांत वाळू येते, सुखाने नांदणारी जोडपी मिठाच्या बरणीवरून भांडतात. सगळं शहर तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखं तडतडत असतं. अशा हवेत निश्चल पडून राहायचं म्हणजे जवळजवळ तपश्चर्याच. पण पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी लोरेतो बाजारात गेलेली पाहून अनिसेतो गच्चीवर गेला. दोन बाकं जोडली, वर आडवा झाला, अंगावर चादर ओढून तिच्या कडा विटांखाली दाबल्या, हात छातीवर जोडले आणि डोळे मिटले.

थोड्याच वेळात शेजारीण चारो वाळत घातलेले कपडे काढायला वर आली. तिने हाक मारली. अनिसेतो हलला नाही. तिने खांदा धरून गदागदा हलवलं, तरी नाही. तिने रडत त्याच्या थोबाडीतही दिली. अनिसेतोला मनातून इतका आनंद झाला की तो हसू दाबता दाबता खरोखरच मरायला आला. चारो बोंब ठोकत जिना उतरली, तसा तो उठला, चादर घडी करून ठेवली आणि विजयी मुद्रेने मागच्या जिन्याने तालमीला निघून गेला.

खाली चारोने लोरेतोचं दार ठोठावलं. घरात कुणी नाही. आता हे जवळच्या माणसाला कळवायला तर हवं. जवळचं माणूस म्हणजे सानलुकार गावी राहणारा अनिसेतोचा थोरला भाऊ, कासिमिरो. दोघा भावांचं बोलणं बंद होतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण मरणापुढे कसला अबोला, असा विचार करून तिने त्याला फोन लावला. फोनवर ती काय बोलली ते तिलाही नंतर आठवेना, पण कासिमिरोला जे कळायचं ते कळलं.

संध्याकाळी चारो पाव आणायला गेली, तर दुकानाच्या दारात मयत स्वतः उभं राहून ऑलिव्ह चघळत होतं. तिने हातातल्या लांब पावाने त्याला असा बडवला की पावाचे तीन तुकडे झाले. रागाच्या भरात फोनचं सांगायचं मात्र राहून गेलं. घरी आल्यावर तिला ते आठवलं. तिने सानलुकारला पुन्हा फोन केला, पण तिकडे घंटी नुसतीच वाजत राहिली. कासिमिरो केव्हाच निघाला होता, आणि मोबाइल नावाचं लोढणं त्याने कधी गळ्यात बांधून घेतलं नव्हतं.

कासिमिरो कादिसला पोचला तेव्हा ऊन अजून गच्च्यांवर होतं. भावाच्या घराला कुलूप. गल्लीत खांद्यावर खुर्ची घेऊन लगबगीने जाणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं, "अनिसेतो कुठेय?"

"चौकात. पेटीत झोपलाय," म्हातारा म्हणाला. "पाय उचल, नाहीतर बसायला जागा मिळणार नाही."

कासिमिरो चौकात आला तर तिथे दिवे, माणसांची गर्दी, आणि वर फळ्यांवर इन्माच्या मुली घागरे उडवत, टाचा आपटत नाचत होत्या. कादिसवाले मयतालाही गाणंबजावणं करतात असं सानलुकारला म्हणतात, त्यात तथ्य आहे असं त्याला वाटलं. मग नाच संपला. पडदा सरकला. मधोमध पेटीत त्याचा भाऊ, चेहरा पिठासारखा पांढरा. आणि त्याच्यावर पडून एक परकी बाई "माझ्या राजा, मला टाकून गेलास" म्हणत ऊर बडवत होती. तिकडे खरी बायको लोरेतो तिसऱ्या रांगेत बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. धाकट्याने दोन संसार मांडले होते आणि आपल्याला पत्ताही नव्हता! तो गर्दीतून वाट काढत फळ्यांवर चढला.

पेटीत अनिसेतोची वेगळीच दशा होती. मुलींच्या टाचांनी त्याचं डोकं आधीच खुळखुळलं होतं. आता वाऱ्याने नाकात वाळू गेली होती, डाव्या कुशीला मुंग्या चालत होत्या आणि अंगठा उचल खात होता. हे सगळं तो दातओठ न खाता सहन करत होता, कारण मेलेल्याला तेवढीही मुभा नसते. इतक्यात त्याला तंबाखूचा वास आला. हा वास तो लहानपणापासून ओळखत होता. मग आवाज आला.

"गाढवा, थोरला मी. पहिला नंबर माझा होता."

खोटी विधवा आपलं पुढचं वाक्य विसरली. विंगेत उर्सुलाबाईंनी हातातल्या नाटकाची पानं मागेपुढे उलटली. हे पात्र कुठेच नव्हतं.

कासिमिरो, इथे, आणि रडतोय. उठून सांगावं तर नाटक बुडतं, न उठावं तर भाऊ. तो उठणारच होता, पण कासिमिरो पुढे बोलू लागला आणि अनिसेतोला हलवेना.

कासिमिरो म्हणाला, की दर उन्हाळ्यात तो इथे यायचा. कुणाला न सांगता, त्या चर्चच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. "तू ताट आणलंस ते पाहिलं. पत्र आणलंस तेही पाहिलं. शिपायाची टोपी तुला मोठी होत होती. दोनदा डोळ्यांवर आली, तेव्हा मी हसलो नाही. शेजारचा हसला, त्याच्याशी भांडलो. आणि आज गावाने तुला निरोपालाही याच फळ्यांवर ठेवलं."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नव्हते म्हणून हातपंख्यांनी तोंडं झाकली. लोरेतोच्या हातातल्या बिया मांडीवर सांडल्या. मिटलेल्या पापणीखालून अनिसेतोच्या पांढऱ्या गालावर पाण्याची एक रेघ उतरली. असा भाऊ आपल्याला होता आणि आपण इतकी वर्षं तोंड फिरवून बसलो! आयुष्यात प्रथमच त्याचे हात, पाय, अंगठा, सगळं शांत होतं.

"आणि ऐक," कासिमिरो हुंदका आवरत म्हणाला. "त्या घोळीबद्दल तू खोटं बोललास. ते मी माफ केलं. मनापासून माफ केलं."

आता ही घोळ म्हणजे मासा. दोघा भावांनी बापाच्या होडीतून धरलेली, दारात न मावणारी घोळ. ती कुणाच्या गळाला लागली यावरून बाप गेल्यानंतरच्या जेवणावळीतच दोघांची जुंपली होती आणि तिथून बोलणं बंद झालं होतं. मासा घोळ होता आणि सगळा घोळही तिथूनच झाला होता.

अनिसेतो सगळं सहन करू शकला असता. वाळू, मुंग्या, भावाचं प्रेमसुद्धा. पण न केलेल्या पापाची माफी, आणि तीही अख्ख्या गावादेखत?

तो पेटीत ताडकन उठून बसला आणि म्हणाला, "माफ कसलं करतोस? घोळ माझ्या गळाला लागली होती."

कासिमिरो विधवेच्या मांडीवर कोसळला. मागच्या रांगेतून दोन किंकाळ्या आल्या, एक खुर्ची मोडली, आणि मग सगळा चौक उठून टाळ्या पिटायला लागला. नाटक संपलं असं समजून इन्माने गिटारवाल्यांना खूण केली आणि मुली टाचा आपटत पुन्हा आत शिरल्या. त्यांच्या घागऱ्यांच्या भोवऱ्यात एक मेलेला माणूस एका जिवंत माणसाला वारा घालत होता.

पडद्यामागे कासिमिरोला थंडगार दारू पाजली, जवळ्याची गरम धिरडी चारली, तेव्हा त्याच्या तोंडावर रंग आला. चारोने रडत रडत फोनचं सगळं सांगितलं. अनिसेतोने भावाला मिठी मारली. कासिमिरोनेही मारली, बराच वेळ सोडली नाही. मग डोळे पुसून त्याने स्पष्ट केलं, "ती माफी मयताला होती. तू जिवंत आहेस, तेव्हा माफी परत घेतली."

"ठेव तुझ्यापाशी. मागितली कुणी?" अनिसेतो म्हणाला, आणि दोघे त्या घोळीवरून अशा काही तडफेने भांडायला लागले की लोरेतोला कित्येक वर्षांनी घर भरल्यासारखं वाटलं.

इतक्यात उर्सुलाबाई आत आल्या. अजून दोन संध्याकाळचे प्रयोग बाकी होते, आणि उद्यासाठी लोक आतापासूनच खुर्च्या मांडून ठेवत होते. कासिमिरोचं काम दोन्ही दिवस हवंच, असं त्यांनी सांगितलं. कासिमिरोने एकच अट घातली, की मयताने उठायचं नाही. बाईंनी अनिसेतोकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. मेलेल्याने हलायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी कासिमिरो पेटीजवळ आला, हुंदका दिला आणि भावाला माफ केलं. त्या दिवशी त्याच्या सांगण्यात घोळ त्याच्या डोक्याहून हातभर उंच होती. तिसऱ्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं गच्च्यांवर चढली होती. त्या दिवशी घोळ होडीपेक्षा लांब झाली, धाकटा भाऊ होडीच्या तळाशी घाबरून रडत होता आणि थोरल्याने एकट्याने, एका हाताने ती वर ओढली. बायका रडल्या. उर्सुलाबाईंनीसुद्धा डोळ्यांना रुमाल लावला.

अनिसेतो हात जोडून, डोळे मिटून, अगदी स्तब्ध पडून होता. असा मेलेला माणूस आजवर पाहिला नाही, असं सगळेच म्हणाले.