झोपाळू राखणपेटी

बसा मुलांनो, आणि कुणी चुळबुळ करू नका. एका जंगलात एक पाणवठा होता आणि पाणवठ्यावर वाघाचं भय होतं. म्हणून साळूकाका नावाच्या साळिंदराने तिथल्या झाडाला एक राखणपेटी टांगली. पेटीच्या पोटात इवलासा कॉम्प्युटर, डोक्यावर पानाएवढी सौरपट्टी, आणि वाटेखाली पुरलेली एक तार.

"पेटी एरवी झोपेल," साळूकाका म्हणाले. "तारेचा कान तेवढा उघडा. वाघाची चाल कळली, की जागी होऊन बोंब ठोकेल. इथं ऊन चिमूटभर. झोपते म्हणूनच बॅटरी पुरते."

शेजारच्या जाळीत दुर्वा नावाची सशीण नुकतीच लग्न होऊन आली होती. नवरा दुपारी पाण्यावर गेला, की तिचा जीव थाऱ्यावर नसे. पेटी आल्यापासून ती जरा डोळे मिटू लागली. एक कान मात्र उभा.

"दिवसाढवळ्या लोळतेस?" सासूबाई म्हणायच्या. "आम्ही उभ्यानं पेंगायचो हो!"

दुर्वा उठायची आणि नीट असलेलं गवत पुन्हा नीट करायची.

एकदा सरपंच गवारेडा पाहणीला आला. पेटी गप्प.

"ही तर झोपलीय!"

"सरपंच, काम नसताना झोपणं हेच तिचं काम," साळूकाका म्हणाले.

"ते आम्हालाही जमतं!"

जमतंय ते दिसतंच आहे, असं दुर्वाच्या मनात आलं. पण नव्या सुनेनं मनातलं मनातच ठेवायचं असतं.

सरपंचाने नियम केला. येता-जाता प्रत्येकाने बटण दाबून विचारायचं, "जागी आहेस ना?" पेटीने दिवा लावून म्हणायचं, "जागी आहे, सरकार!"

सगळ्यांना भारी गंमत वाटली. हरणं दाबत, रानडुकरं दाबत. माकडं तर झाडावर चढताना एकदा आणि उतरताना एकदा. हळूहळू दिवा काजव्याएवढा झाला.

"अहो, तिचा आवाज बसलाय," दुर्वा नवऱ्याला म्हणाली. "जरा निजू द्या म्हणावं तिला."

"वेडी आहेस का? निजली तर जागी कशी राहील?"

मग एका दुपारी वाघ आला. त्याचा पाय तारेवर पडला. पेटी गप्प. वाघ नियमाने वागणारा. त्याने बटण दाबून विचारलं, "जागी आहेस ना?" उत्तर नाही. तो समाधानाने पुढे सरकला. पाण्यावर दुर्वाचा नवरा मान खाली घालून पाणी पीत होता.

जाळीत दुर्वाचा डोळा लागला होता. पण उभ्या कानाने चाल ओळखली. तिने मागचे पाय जमिनीवर आपटले. धप! धप! धप! पाणवठा क्षणात मोकळा झाला. नवरा धापा टाकत जाळीत शिरला.

संध्याकाळी सभा भरली.

"पेटीनं अखेरच्या श्वासापर्यंत जागेपणा सोडला नाही," सरपंच गहिवरला. "हार घाला तिला! आणि सूनबाई, तू तेव्हा काय करत होतीस?"

"डोळा लागला होता," दुर्वा खरं ते बोलली.

"बघा!" सासूबाई म्हणाल्या. "मी म्हणतच होते."

सभा खवळली. पण दुसरं कुणी नव्हतं, म्हणून राखण दुर्वाकडेच दिली. नियम तोच. पहिला मान सासूबाईंचा.

"जागी आहेस ना गं?"

"जागी आहे, सरकार."

मग हरणं आली. मग माकडं. पलीकडच्या झाडीत वाघ पंजे चाटत बसला. त्याला काही घाई नव्हती.

तात्पर्य : राखणदार कामाला येतो की नाही हे पाहू नये, तो सदैव जागा दिसतो की नाही हे पाहावं. याबाबत सरपंच आणि वाघ यांचं एकमत आहे.