सासऱ्यांच्या कानातला फ्रीज

यंत्रांना शेजारधर्म शिकवायचा असेल तर माझ्याकडे या! आमच्या घरातल्या चौदा यंत्रांना मी तो एका रविवारात शिकवला. युक्ती सोपी. सगळी एका जाळ्यात जोडायची आणि प्रत्येकाने इतरांना सांगायचं, 'माझ्याकडे अमुक आहे, हवं तर वापरा.' वॉशिंग मशीनला बोलता येत नाही? टीव्हीचा स्पीकर उसना घ्या!

प्रत्येकाची माहिती वेगळी भरायची होती. टीव्हीची भरली: 'स्पीकर आहे, माइक आहे, कोणीही घ्या.' मग आला कंटाळा! तीच माहिती उरलेल्या तेराजणांना चिकटवून दिली. त्यात बायकोचा लॅपटॉप होता. आमच्याकडे राहायला आलेल्या सासऱ्यांचं श्रवणयंत्रही होतं.

सोमवारी अकराला बायकोची लॅपटॉपवरून मुलाखत. मुख्य व्यवस्थापकाची जागा, दोन वर्षं डोळे लावून बसली होती बिचारी. "आज घरात हूं की चूं नको," तिने मला बजावलं.

पाचव्या मिनिटाला सासरे धावत आले. "जावईबापू, कानात कोणी बाई ओरडतेय, 'दार लावा' म्हणून! घरातली सगळी लावली, तरी थांबेना!"

"बाबा, तो फ्रीज आहे."

"माझ्या कानात?"

तेवढ्यात बायकोच्या लॅपटॉपमधून वॉशिंग मशीन गरजलं, "धुणं झालं! बाहेर काढा!" पडद्यावरचे तिन्ही साहेब दचकले. जाळं बंद करायला मी रांगत तिच्या टेबलाखाली शिरलो आणि घाईत भलतीच, टीव्हीची वायर उपटली. झालं! टीव्ही गेल्यावर लॅपटॉपने आता सासऱ्यांचाही कान, त्यातल्या माइकसकट, जोडीला घेतला.

"तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता?" एका साहेबांनी विचारलं.

"हट्टीपणा!" बाबांनी कानातला प्रश्न ऐकून ठणकावलं. "लहानपणापासून!"

"बाबा, गप्प बसा हो!" मी खालून कुजबुजलो. तेही साहेबांना ऐकू गेलं.

मोठे साहेब खाकरले. "बरं. अवघड माणसाबरोबर काम केल्याचा काही अनुभव?"

बायकोने आवाजसुद्धा चढवला नाही. "बारा वर्षांचा. सध्या तो माझ्या पायाशी वायरी उपटतोय."

तिघेही खो खो हसले. आणि जागा तिलाच मिळाली! त्यातलं थोडं श्रेय मागायचा माझा विचार आहे, पण अजून धीर होत नाही.