चबुतऱ्यावरचं चालू इंजिन

रेल्वेच्या मोठ्या साहेबांनो, तुमच्या डोक्यात मेंदू आहे की काजळी? एका बाईचा संसार तुम्ही चबुतऱ्यावर चढवलात आणि वर टाळ्याही वाजवल्यात!

झालं असं. धूर ओकणाऱ्या जुन्या डिझेल इंजिनांचा अख्खा वर्ग साहेबांनी मोडीत काढला. शेवटचं इंजिन तेवढं स्मारक म्हणून रेल्वे कॉलनीच्या चौकात ठेवायचं ठरलं. ते तिथवर आणायचं काम ड्रायव्हर धूरकाकांकडे आलं. त्यांची उभी हयात याच इंजिनांवर गेलेली, आणि निवृत्तीही नेमकी त्याच दिवशी.

ही इंजिनं एकदा बंद केली की पुन्हा सुरू करताना भल्याभल्यांना घाम फुटायचा. म्हणून ड्रायव्हर ती बंद करायचेच नाहीत; जेवायला उतरले तरी मागे धडधड चालूच. त्या सवयीने काकांनी इंजिन चबुतऱ्यावर उभं केलं, गुच्छ घेतला आणि समोरच्या आपल्या घरी गेले. मागचे रूळ उखडले गेले. इंजिन धडधडतच राहिलं.

काकूंच्या फळीवरची भांडी नाचू लागली. दोरीवरच्या पांढऱ्या चादरी काळ्या निघू लागल्या. चबुतऱ्यावर पाटी होती, 'या वर्गाचा आवाज आता कायमचा थांबला आहे.' लोक ती कानांत बोटं घालून वाचत.

"अहो, बंद करा ना ते!" काकू ओरडल्या. घरात आता ओरडूनच बोलावं लागे.

"बंद केलं तर परत सुरू व्हायचं नाही!"

"सुरू ठेवून जायचंय कुठे? बागेत?"

काका जेवणाचा डबा उचलून इंजिनात जाऊन बसले. चालू इंजिन वाऱ्यावर सोडून घरी झोपणारा ड्रायव्हर त्यांच्या लेखी ड्रायव्हरच नव्हे. निवृत्त नवऱ्याबरोबर निवांत चहा प्यायला काकूंनी दोन नव्या खुर्च्या घेतल्या होत्या. त्यातल्या एकीवर नुसती काजळी बसत होती.

काकू ऑफिसात धडकल्या. साहेब म्हणाले, "बाई, तो वर्ग केव्हाच बंद झालाय. बंद इंजिन बंद करायचा हुकूम मी कसा काढू?"

"मग त्याला डिझेल कोण पाजतंय?"

"स्मारकाची निगा नको राखायला?"

काकू तडक चौकात आल्या. बाह्या सरसावून इंजिनात चढल्या, काकांना कोपराने बाजूला सारलं आणि लाल बटण दाबलं. चौक गप्प झाला. काका रडकुंडीला आले.

"चला, जेवायला वाढते," काकू म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी हळू आवाजात.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः दारात हजर. "चांगलं चालतं स्मारक बंद पाडलंत! उद्या पाहुणे यायचेत. काका, इंजिन सुरू होईपर्यंत तुम्ही परत ड्युटीवर!"

काका युनिफॉर्म शोधायला आत धावलेसुद्धा. काकू उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"इंजिनाचं तुमचं तुम्ही बघा. माझा नवरा निवृत्त झालाय की नाही, तेवढं सांगा. हो की नाही?"

साहेब पाटीकडे बघत राहिले.

"बोला ना साहेब! आता तर ऐकू येतंय!"